काळी गिटार आणि वैशाखाचे ऊन

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. एवढ्या उशिरा आलेला फोन माणूस जरा धास्तावूनच उचलतो. पलीकडे माझा भाचा होता. 'कसे आहात' नाही की 'जेवलात का' नाही, एकदम म्हणाला, "मामा, गिटार फसवी निघाली!"

हा भाचा मुंबईत नोकरीला. गाण्याबजावण्याचा नाद त्याला लहानपणापासूनचा. पहिली गिटार लाकडाची होती. मुंबईचे तीन पावसाळे तिने कसेबसे काढले. चौथ्यात तिची मान वाकली आणि तारा पडद्यांपासून इतक्या वर गेल्या की त्या दाबताना बोटे सोलून निघत. तेव्हा या गृहस्थाने वर्षभर पैसे साठवून कार्बन फायबरची गिटार घेतली. काळीभोर, गुळगुळीत, उचलायला हलकी. जाहिरातीत ती नावेत ठेवलेली, पावसात भिजणारी, वाळवंटात उभी केलेली अशी दाखवली होती. "मामा, आता ऊन नको की पाऊस नको, हिला काही म्हणजे काही होत नाही," असे त्याने मला किमान दहा वेळा तरी ऐकवले असेल.

मित्राच्या लग्नासाठी तो अमरावतीला घरी आला होता. लग्न नागपूरला. संध्याकाळच्या स्वागतसमारंभात दोघांनी गिटार वाजवायची आणि नवरीच्या धाकट्या बहिणीने गायचे, असा बेत ठरला होता. भाच्याची गिटार कार्बनची, सोबतच्या मित्राची लाकडाची. दोन्ही गाडीच्या मागच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवल्या. वाटेत दुपारी जेवायला थांबले. जेवण, पान, गप्पा यांत दोन तास गेले. गाडी उन्हात, काचा बंद आणि महिना मे.

नागपूरला पोचल्यावर मित्राने पिशवी उघडली, तर त्याच्या गिटारीची घोडी बुडातून सुटून तारांना लोंबकळत होती. भाच्याची गिटार मात्र जशीच्या तशी. सभागृहामागे पत्र्याच्या छपराखाली उभे राहून त्याने ती सुरात लावली, मनातल्या मनात विजयी मुद्रेने मित्राकडे पाहिले आणि थंडगार सभागृहात जाऊन बसला. शेजारी बाजाची पेटी. गाणे सुरू झाले. ध्रुपद होईपर्यंत गिटार पेटीच्या वर चढली, आणि तीही सगळ्या तारा सारख्या नव्हेत. जाड तारा जास्त, बारीक कमी. पहिल्या कडव्यानंतर त्या बिचाऱ्या मुलीने गाणे थांबवले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पण कोणत्या प्रकारच्या ते सांगायला नको. त्यात भर म्हणून गिटारीच्या पोटातून भुंग्यासारखा एक आवाज येऊ लागला होता.

"वर्षभराचे पैसे गेले मामा," तो म्हणाला.

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. "उद्या गिटार घेऊन ये. माणसाला जबाब देण्याची संधी देतात, मग वाद्याला का देऊ नये?" असे सांगून मी फोन ठेवला.

लाकडाचे दुखणे

दुसऱ्या दिवशी खटला उभा राहिला. आरोपीची बाजू समजून घेण्यापूर्वी तिच्या आधीच्या लाकडी बहिणीचे दुखणे समजून घेणे भाग होते; कारण कार्बनची गिटार जन्माला आली ती त्या दुखण्यावर औषध म्हणून.

लाकूड तोडले, वाळवले, त्याचे वाद्य केले, तरी ते हवेतले पाणी पिणे सोडत नाही. हवा दमट झाली की पाणी शोषून फुगते, कोरडी झाली की सोडून आकसते. ही हालचाल रेषांच्या लांबीच्या दिशेने नगण्य असते, पण आडव्या दिशेने चांगली जाणवण्याजोगी. गिटारीची वरची पातळ फळी, सतारीच्या भाषेत सांगायचे तर तबली, बहुधा स्प्रूस नावाच्या झाडाची असते. तिची रुंदी साधारण ४० सेंटिमीटर. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली आणि काही दिवस तशीच राहिली, तर ही फळी सुमारे २ मिलिमीटर आकसू पाहते. चहूबाजूंनी चिकटवलेल्या फळीला आकसायला जागा कुठे? मग ती तडकते. उलट दमटपणा वाढला की फुगून वर येते, घोडी उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. म्हणून लाकडी गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते असे कारागीर सांगतात. आता मुंबईचा आषाढ आणि विदर्भाचा वैशाख यांना हा नियम कोणी समजावून सांगावा?

हे दुखणे परक्या वाद्याचेच आहे असे नाही. मिरजेचा तंबोरा पावसाळ्यात कुरकुरतो, तबल्याचे चामडे दमट हवेत उतरते. आपल्याकडच्या वादकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

उष्णतेचे दुखणे निराळे. लाकडाचे भाग एकमेकांना जोडतात ते पूर्वी सरसाने आणि आता बहुतेक ठिकाणी सुतारकामातल्या पांढऱ्या गोंदाच्या जातीच्या गोंदाने. हे दोन्ही पदार्थ साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. गिटारीच्या सहा पोलादी तारा मिळून घोडीला ७० किलोच्या आसपास जोराने अखंड ओढत असतात. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस घोडीला लोंबकळलेला आहे अशी कल्पना करा. गोंद मऊ पडला की काय होणार ते मित्राच्या गिटारीने दाखवलेच होते.

बंद गाडीत साठ अंश होतात का, अशी शंका कोणाला येईल. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली याविषयीची मोजमापे प्रसिद्ध केली. बाहेर ३८ अंशांहून अधिक तापमान असताना उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, आणि समोरच्या काचेखालचा भाग ६९ अंशांवर. आमच्या मंडळींनी तर दोन तास जेवण केले होते, आणि गिटारी होत्या मागच्या काचेखाली.

पावसाच्या बेटावरचे औषध

लाकडाला फाटा देण्याचा विचार प्रथम ज्यांना सुचला त्यांत गिटार बनवणारे थोडे आणि यंत्रविद्येची माणसे फार, ही मोठ्या गमतीची गोष्ट आहे. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात चार्ल्स कामन नावाचे हेलिकॉप्टर बनवणारे गृहस्थ होते. हेलिकॉप्टरमध्ये सगळी लढाई कंपनांशी. त्यांना गिटारीचा षोक होता. कंप मारण्याची विद्या उलटी फिरवून कंप जागवण्यासाठी का वापरू नये, असा विचार करून त्यांनी १९६६ साली 'ओव्हेशन' गिटार बाजारात आणली. तिची पाठ काचतंतू आणि कृत्रिम राळ यांची, टोपल्यासारखी गोल. पुढे १९७० नंतरच्या दशकात त्याच कारखान्याने गिटारीच्या तबलीतही कार्बनचे तंतू वापरून पाहिले.

सबंध गिटारच कार्बनची करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांपैकी एक म्हणजे डॉ. जॉन डेकर. हे राहात हवाई द्वीपसमूहातल्या माउई बेटावर. समुद्राची खारी हवा, डोक्यावर ऊन आणि केव्हाही येणारी पावसाची सर. अशा ठिकाणी उंची लाकडी गिटार बाहेर काढायची म्हणजे छातीवर धोंडा ठेवावा लागतो. डेकर यांनी १९९० नंतरच्या दशकात जी गिटार विकायला काढली तिचे नावच 'रेनसाँग', म्हणजे पाऊसगाणे! त्याच सुमारास बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदातले चेलोवादक लुइस लेगिया हे कार्बनचा चेलो घडवण्याच्या खटपटीत होते. आपल्या जोडनावेच्या पोकळ सांगाड्यातून समुद्राचा नाद केवढा घुमतो हे ऐकून त्यांना ती कल्पना सुचली. पुढे लुइझियाना आणि आयर्लंडमध्येही अशा गिटारींचे कारखाने निघाले. चीनमधूनही त्या आता येतात आणि आपल्याकडे सहज मिळतात.

म्हणजे हे औषध शोधले गेले ते मुख्यतः पाण्याच्या दुखण्यावर, आणि त्या दुखण्यावर ते रामबाण आहे यात शंका नाही. कार्बनचे तंतू पाणी पीत नाहीत. राळ पिते ती अगदी किंचित. भाच्याच्या गिटारीने मुंबईचे दोन पावसाळे पाहिले होते आणि तिची मान केसभरही हलली नव्हती.

पण पाण्याचे औषध उन्हाला लागू पडतेच असे नाही.

कोळसा अजिंक्य, राळ नव्हे

कार्बन फायबर म्हणजे मुळात कोळशाचा धागा. ही वस्तू वाटते तितकी नवी नाही. एडिसनने १८७९ साली विजेचा दिवा पेटवला तो कापसाचा धागा जाळून केलेल्या कोळशाच्या तारेनेच. मात्र तो धागा बोट लावताच मोडणारा. अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांनी १९५८ साली कमालीचे बळकट कार्बनतंतू तयार केले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जपानमध्ये ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकच्या जातीच्या कृत्रिम धाग्यापासून ते करण्याची वाट दाखवली. आजचे बहुतेक कार्बनतंतू त्याच वाटेने तयार होतात. एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाड; माणसाचा केस त्याच्या दहापट तरी भरेल.

या तंतूंना वैशाखाचे ऊन म्हणजे काहीच नव्हे. ते तयार होतात तेच हजार अंशांहून अधिक आचेत. परंतु नुसत्या तंतूंची गिटार होत नाही, जशी नुसत्या सुताची खुर्ची होत नाही. तंतूंचे कापड साच्यात अंथरून त्याला राळेने बांधतात. ही राळ बहुधा इपॉक्सी जातीची. कोळशाच्या कीर्तीत आपण विसरतो ती हीच गोष्ट: हाताला लागते, उन्हाला तोंड देते आणि तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते ती राळ.

राळेला एक मर्यादेचे तापमान असते. त्याच्या खाली ती काचेसारखी ताठ, वर गेली की रबरासारखी लवचीक. ती वितळत नाही, पण तिचा ताठा जातो. ही मर्यादा कोठे असेल ते राळ कशी पकवली यावर अवलंबून. नुसती खोलीच्या उष्णतेत सुकवलेली राळ ५०-६० अंशांवरच सैल पडू शकते. सुमारे १२० अंशांच्या भट्टीत पकवलेली राळ शंभरीपर्यंत बेलाशक ताठ राहते. दिसायला दोन्ही गिटारी सारख्याच काळ्या, सारख्याच चकचकीत! शंभर अंशांना टिकणाऱ्या राळेची गिटार गाडीत दोन तास राहिली तरी तिची मान सरळ राहील. कच्च्या राळेची असेल तर तारांच्या सत्तर किलोच्या ओढीखाली ती हळूहळू, रोज थोडी थोडी, कायमची वाकत जाईल. म्हणून विकत घेणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न 'पावसात चालते का?' हा नसून 'राळ किती अंशांवर पकवली आहे?' हा होय.

भाच्याच्या गिटारीची मान मी लांब पट्टी लावून तपासली. एकदम सरळ! भुंग्याच्या आवाजाचा शोध लागायलाही वेळ लागला नाही. आवाज टिपून ध्वनिवर्धकाकडे नेणारी एक चकती गिटारीच्या पोटात, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने बसवलेली होती. त्या पट्टीचा गोंद उन्हाने मऊ पडला होता आणि चकती अर्धवट सुटून थरथरत होती. सबंध किल्ला अभेद्य आणि दिंडीची कडी मेणाची, असा हा प्रकार. दुरुस्तीला फारसा खर्च आला नाही.

फसवी कोण?

राहिला मुख्य आरोप: सुर चढला तो का?

मी कागद-पेन्सिल घेऊन भाच्याला समोर बसवले. पोलाद तापले की पसरते, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक असते. किती पसरते? एक मीटर पोलाद एक अंशाने तापले तर मिलिमीटरच्या नव्वदाव्या भागाइतके, म्हणजे जवळजवळ नाहीच. गिटारीची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत सुमारे ६५ सेंटिमीटर. ती १० अंशांनी तापली तर तिची लांबी मिलिमीटरच्या तेराव्या-चौदाव्या भागाइतकी वाढेल.

"एवढ्याने काय होते?" भाचा म्हणाला.

"ऐक. सर्वांत बारीक तार सुरात येईपर्यंत तू तिला ताणतोस. तो ताण म्हणजे सगळी मिळून साडेचार-पाच मिलिमीटरची वाढ. तेवढ्यावर तिचा सगळा सूर उभा. त्यातून हा तेरावा भाग ढिला पडला, म्हणजे ताण दीड टक्क्याहून अधिक उतरला. सूर उतरतो त्याच्या निम्म्याने. म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधले जे अंतर, त्याचा जवळजवळ सातवा भाग. जाड तारांवर वेढे असतात. त्यांच्या आतल्या गाभ्यावरचा ताण कमी, म्हणून त्या साधारण दुपटीने उतरतात."

आता त्या संध्याकाळचा हिशेब मांडा. पत्र्याखाली चाळीस अंश. सभागृहात चोवीस. फरक सोळा अंशांचा. बाहेर सुरात लावलेली बारीक तार आत थंड होऊन आखडली आणि जवळजवळ एक श्रुती वर चढली. जाड तारा जवळपास दोन श्रुती. बाजाची पेटी मात्र होती तिथेच. कोणाचा कान हे सहन करील?

"पण मग लाकडाच्या गिटारीचेही असेच होत असणार," भाच्याने बिनतोड मुद्दा काढला.

इथेच या प्रकरणातली खरी मेख आहे. लाकडाचीही तार चढते-उतरते, पण थोडी कमी! कारण उष्णतेने लाकूडही रेषांच्या दिशेने पसरते, पोलादाच्या साधारण एकतृतीयांश. तार लांब झाली की मानही थोडी लांब होते आणि ढिलेपणाचा तेवढा भाग भरून काढते. कार्बनचे तसे नाही. तंतूंच्या दिशेने कार्बन उष्णतेने वाढतच नाही. उलट अगदी सूक्ष्म प्रमाणात आकसतो. राळ धरूनसुद्धा गिटारीच्या मानेचे प्रसरण शून्याच्या आसपास. दुर्बिणींचे आणि उपग्रहांचे सांगाडे कार्बनचे करतात ते याच गुणासाठी. म्हणजे ज्या गुणासाठी ही गिटार नावाजली गेली, की ही जागची हलत नाही, त्याच गुणामुळे उन्हात तिची तार अधिक बेसूर होते. घोडी ठाम, मान ठाम, आणि त्यांच्यामध्ये पोलादाची तार एकटीच ताणली जाते, एकटीच सैल पडते. एखाद्या घरात एकच माणूस वाकत असला आणि बाकी सगळे ताठ असले म्हणजे त्या एकाचे जे होते, तेच तारेचे झाले.

नुसत्या हिशेबावर विश्वास ठेवायचा नाही असे मी मुलांना शिकवत आलो. तेव्हा पडताळा पाहणे आलेच. सकाळी नऊ वाजता माजघरातल्या सावलीत गिटार सुरात लावली. सूर दाखवणारे यंत्र भाच्याच्या फोनातच होते. मग ती व्हरांड्यातल्या उन्हात आडवी ठेवली. पाच मिनिटांत तारा उतरू लागल्या. जाड तारा पुढे, बारीक मागे, अगदी कागदावरच्या हिशेबासारख्या. मग गिटार पुन्हा आत आणली. खुंटीला हात लावायचा नाही, अशी भाच्याला सक्त ताकीद दिली. चहा झाला, वर्तमानपत्र वाचून झाले. पाऊण तासाने पुन्हा तार छेडली. सहाच्या सहा तारा आपल्या जागी परत आल्या होत्या. भाचा फोनाकडे आणि गिटारीकडे आळीपाळीने पाहत राहिला.

लाकडी गिटार दमट हवेने फुगली आणि बिघडली, तर हवा सुधारल्यावर ती परत पूर्वीसारखी होईलच याचा भरवसा नसतो. ही मात्र वाट चुकली तरी घरी परत येते.

काळ्या रंगाची किंमत

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट पाहून घेतली. गिटारीच्या काळ्या तबलीला एक तापमापक चिकटवला आणि शेजारी ठेवलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याला दुसरा. काळ्यावरच्या आकड्याने पाहता पाहता साठी गाठली. पांढऱ्यावरचा बराच मागे. अकरा वाजायच्या आत मी गिटार उचलायला लावली. प्रयोगासाठी पोराचे वाद्य पणाला लावण्याइतका काही मी शास्त्रज्ञ नव्हे.

काळा रंग आपल्यावर पडलेले बहुतेक ऊन पिऊन टाकतो. विमानविद्येतल्या लोकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. काचतंतूंची आणि राळेची इंजिनाविना उडणारी विमाने, ज्यांना ग्लायडर म्हणतात, ती पाहाल तर बहुतेक सगळी पांढरी. ती काही हौस नव्हे. राळ तिच्या मर्यादेत राहावी म्हणून रंगावर घातलेले ते बंधन आहे. गिटारीचा मात्र काळा रंग हाच शृंगार. विणलेले कार्बनचे कापड दिसावे म्हणून वर नुसते पारदर्शक रोगण देतात. तेव्हा तिला उन्हात ठेवणे म्हणजे तिच्या राळेची परीक्षा घेणेच होय.

उन्हात उष्णतेखेरीज अतिनील किरणही असतात. ते राळेचे शत्रू. त्यांनी राळ आधी पिवळी पडते, मग निस्तेज होते आणि शेवटी तिच्यावर खडूसारखी भुकटी धरते. मोटारींवर हौसेने बसवलेली कार्बनची झाकणे काही वर्षांनी पिवळट झालेली दिसतात ती याच कारणाने. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही, की हे किरण फार खोल शिरत नाहीत. काळे तंतू त्यांना वाटेतच अडवतात. नुकसान होते ते कातडीचे, हाडांचे नव्हे. चांगले कारखाने रोगणातच हे किरण पिणारी द्रव्ये घालतात. तरीसुद्धा खिडकीपाशी रोज उन्हात लटकवून ठेवलेली गिटार आणि एखाद्या सकाळी बागेत वाजवलेली गिटार यांत फरक आहे. एका दिवसाच्या उन्हाने काही बिघडत नाही. वर्षांच्या उन्हाने बिघडते.

निकाल

खटल्याचा निकाल मी दिला तो असा. गिटार निर्दोष. फसवले तिने नाही. फसवले ते 'हिला काही होत नाही' या वाक्याने. न मोडणे ही एक गोष्ट आणि सुरात राहणे ही दुसरी. पहिलीची हमी कार्बन देऊ शकतो. दुसरीची हमी पोलादाच्या तारेला विचारल्याशिवाय कोणीच देऊ शकत नाही. जाहिरात पहिली हमी दाखवते आणि आपण ती दुसरीची समजून पैसे मोजतो.

त्याबरोबर भाच्याला चार गोष्टी पाठ करायला लावल्या. ज्यांच्या घरी असे वाद्य आले आहे किंवा येऊ घातले आहे, त्यांनाही त्या उपयोगी पडाव्यात.

पहिली: वाजवायचे जिथे, सुरात लावायचे तिथेच. वाद्य त्या जागी अर्धा तास आधी नेऊन ठेवावे, त्याला तिथली हवा लागू द्यावी आणि मगच खुंटीला हात घालावा. बाहेर लावून आत जाऊ नये, आत लावून बाहेर येऊ नये. आपले जुने गवई तंबोरे मैफलीच्या जागी आधी नेऊन ठेवत आणि बैठकीवरच पुन्हा जुळवत. त्यात नुसता शिष्टाचार नव्हता, पदार्थविज्ञानही होते.

दुसरी: बंद गाडी ही भट्टी समजावी. कार्बनची गिटार तिच्यात टिकेल, पण तिच्या पोटातले गोंद, पट्ट्या आणि विजेचे घट हे कार्बनचे नसतात. ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर काचेखाली न ठेवता सीटच्या पायथ्याशी, सावलीत, पांढऱ्या कापडाखाली ठेवावी आणि तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. तापलेली गिटार बाहेर काढल्यावर लगेच तारा चढवू नयेत.

तिसरी: उन्हात वाजवण्याला हरकत नाही, उन्हात सोडून जाण्याला आहे. दोन गाण्यांच्या मध्ये तिच्यावर एक उपरणे टाकले तरी पुष्कळ काम होते.

चौथी: विकत घेताना राळेविषयी आणि रोगणाविषयी विचारावे. दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर कारखान्याला पत्र लिहावे. वर्षभराचे पैसे मोजणाऱ्याला एवढा अधिकार आहे.

मित्राच्या लाकडी गिटारीचे काय झाले, असे कोणी विचारील. एका वाकबगार कारागिराने तिची घोडी पुन्हा बसवून दिली. ती पूर्वीइतकीच गोड वाजते. आता तिचा मालक गाडी सावली पाहून उभी करतो, एवढाच फरक.

आणि भाचा? श्रावणात त्याच नवरा-नवरीच्या घरी सत्यनारायण होता. रात्री गाणे ठरले. या वेळी हा पठ्ठ्या जेवायच्या आधीच गिटार घेऊन बैठकीच्या खोलीत गेला, कोपऱ्यात तिला उभी केली आणि स्वतः पंगतीला जाऊन बसला. जेवण झाल्यावर तिच्या सहा तारा शांतपणे लावल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, खिडक्या उघड्या होत्या, हवेतून पाणी पिळून काढावे इतका दमटपणा. नवरीच्या बहिणीने तेच गाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटले.

त्या रात्री पुन्हा साडेदहाला फोन आला. या वेळी मात्र तो म्हणाला, "मामा, आधी सांगा, जेवलात का?"